पाचवं का

चारुदत्त निजसुरे रोज सकाळी सगळं जग वाचून काढायचा, निदान तसं त्याचं म्हणणं होतं. इंगोलश्टाटच्या बाहेर, मोठ्या कार कारखान्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांची जी रांग आहे, तिच्यातल्या एका मध्यम कंपनीत तो इंजिनिअर होता. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तापू नये म्हणून तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट बसवतात, आणि तिच्या पोटातून थंड पाणी खेळवतात. कंपनी त्या प्लेटा बनवायची. चारुदत्त मात्र प्लेटांना हात लावण्याच्या पलीकडे गेला होता. तो वाचायचा.

जर्नलं, पेटंट कचेऱ्या, विद्यापीठांची पानं, स्पर्धकांची निवेदनं, यातल्या कशावरही नवीन काही आलं की ते आपोआप एका फीडमध्ये येऊन पडतं. रोज शेकड्यांनी पडतं आणि त्यातला बहुतेक कचरा असतो. चारुदत्तने त्या फीडचे विषयवार कप्पे पाडले होते आणि गाळायला नियम लावले होते. अमुक शब्द असेल तर सगळ्यात वर, तमुक शब्द असेल तर दाखवूच नको. उरलेल्यातून पाच-सहा बातम्या निवडून, प्रत्येकीला दोन ओळींचं स्वतःचं मत चिकटवून तो कामाला सुरुवात व्हायच्या आत कंपनीतल्या सगळ्या इंजिनिअरांना पाठवायचा. त्याच बातम्या मराठीत ‘सकाळची चाळण’ म्हणून जर्मनीतल्या मराठी इंजिनिअरांच्या ग्रुपवर पडायच्या, खाली ‘संकलन व विवेचन : चारुदत्त निजसुरे’. विवेचन म्हणजे ‘हे महत्त्वाचे ठरू शकते’ एवढंच. बातमी कुठलीही असो, ती महत्त्वाची ठरू शकायची.

त्याची मुलगी उर्जा पंधरा वर्षांची होती आणि मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. एकदा जेवताना त्याने ग्रुपवर किती अंगठे आले ते सांगितलं, तेव्हा ती ताटातून वर न बघता जर्मनमध्ये म्हणाली की बाबा, तुम्ही पाठवल्यापासून चार सेकंदांत आलेला अंगठा वाचून आलेला नसतो. चारुदत्तला वाटलं, पोरीला भाषेमुळे विषय कळला नाही.

आता काम वाईट नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला त्याने खरोखर कष्ट घेतले होते आणि लोकांचा वेळ वाचला होता. बिघडलं ते पुढे. आपण गाळून देतो ते लोक वाचतात, म्हणजे आपण देऊ तेवढंच जग, असं त्याला वाटायला लागलं. कंपनीतले काही जण आपापल्या विषयाचे वेगळे फीड ठेवून होते. चारुदत्तने वरिष्ठांना पटवलं की हे ‘डॉपेलआर्बाइट’ आहे, एकच काम दोनदा. जर्मन माणसाच्या कानावर हा शब्द पडला की तो काहीही बंद करायला तयार होतो. बाकीचे फीड बंद झाले आणि सगळी कंपनी निजसुऱ्यांच्या चाळणीतून पडेल तेवढंच वाचायला लागली.

या सगळ्यामागे एक खुर्ची होती. नव्या तंत्रज्ञानावर नजर ठेवणारा एक स्वतंत्र विभाग काढायचं कंपनीत घाटत होतं आणि त्याचा प्रमुख कोण, ते तांत्रिक संचालिका फ्राऊ ह्योल्झ्ल ठरवणार होत्या. चारुदत्तबरोबर आलेले सगळे कधीच कुठले ना कुठले प्रमुख झाले होते. काही जण परत जाऊन चाकणला मोठे साहेब झाले होते. हाच एक ‘सीनियर’ या विशेषणावर अडकून पडला होता, आणि सीनियर म्हणजे म्हातारा झाला पण वर गेला नाही, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक असतं. ही खुर्ची मिळाली नाही तर पुढची निवृत्तीच, हे त्यालाही माहीत होतं. शोभनाला, म्हणजे बायकोला, त्याने ती मिळाल्यातच जमा आहे असं सांगून टाकलं होतं. पुण्याला तर मिळाली असंच कळवलं होतं.

अशा दिवसांत अश्वजित रामटेके त्याच्या वाटेत आला. वाटेत आला म्हणजे काय, त्याने ग्रुपवर एक वाक्य लिहिलं. अश्वजित कार्ल्सरूहेच्या एका संशोधन संस्थेत होता, मूळचा भंडाऱ्याकडचा. धातू एकमेकांना चिकटवले तर ते सांधे किती दिवस टिकतात, हा त्याचा विषय. माणूस हुशार आणि जरा आगाऊ. एके सकाळी चाळणीत एक बातमी ‘ताजी घडामोड’ म्हणून आली, त्याखाली त्याने लिहिलं, “सर, ही बातमी दोन वर्षांपूर्वीची आहे. शिळी भाकरी गरम करून वाढलीत, पण प्रेमाने वाढलीत.” त्या दिवशी मात्र लोकांनी मेसेज उघडून वाचला. हसण्याच्या चिन्हांनी ग्रुप भरून गेला आणि चाळणीला कधी नव्हे एवढे वाचक मिळाले.

चारुदत्तने ग्रुपवर हात जोडून आभार मानले. घरी मात्र त्याचा पारा चढला. आता हे लोक आम्हाला शिकवणार, असं तो शोभनाला म्हणाला. शोभनाने विचारलं, हे लोक म्हणजे कार्ल्सरूहेचे का. तो म्हणाला, आडनाव वाच. तिला ते आधीच कळलं होतं, पण विषय वाढवायचा नाही हा तिच्या संसाराचा नियम होता. तिने आमटी वाढली. मग चारुदत्तने तिला ही मंडळी कोट्यातून कशी पुढे येतात आणि दर्जाचं कसं वाटोळं होतं ते सविस्तर सांगितलं. जर्मन संस्थेत जर्मन प्राध्यापकाने नेमलेल्या माणसाला कुठला कोटा मिळाला असेल, एवढा विचार करायला इंजिनिअर असावं लागत नाही. चारुदत्त इंजिनिअर असूनही त्याने तो केला नाही.

गंमत अशी की हाच माणूस जर्मनीत नवा आला तेव्हा भाड्याच्या घरासाठी महिनोन्‌महिने ई-मेल पाठवत होता आणि त्याला एकही उत्तर येत नव्हतं. ऑफिसातल्या एका जर्मन मित्राने त्याच घरासाठी स्वतःच्या नावाने विचारलं, तर दुपारपर्यंत उत्तर आलं. ही गोष्ट चारुदत्त अजून दर दिवाळीच्या पार्टीत सांगतो आणि सांगताना त्याचा गळा भरून येतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण पासपोर्टावर शिक्का न मारता कुठल्याही देशात जाते.

दुसऱ्या दिवशी त्याने फीडच्या नियमांत एक नियम घातला. दाखवू नये अशा शब्दांच्या यादीत ‘लॉटरी’, ‘वेबिनार’, ‘सवलत’ हे शब्द होते, त्यांच्याखाली त्याने रामटेके हा शब्द लिहिला. लिहिताना त्याला काही वाईट केल्यासारखं वाटलं नाही, उलट घर झाडल्यासारखं वाटलं. आपण दर्जा राखला, असं त्याने स्वतःला सांगितलं. कार्ल्सरूहेच्या त्या गटाच्या चाचण्यांची नवी मापं दर महिन्याला फीडमध्ये यायची आणि त्या नियमावर आपटून नाहीशी व्हायची. रामटेकेंचे बरेचसे लेख त्यांच्या जर्मन प्राध्यापकाबरोबर लिहिलेले असायचे, त्यामुळे तो प्राध्यापकही नाहीसा झाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, याचं चारुदत्तला भान नव्हतं.

विचारणारं एकच माणूस निघालं. सुकन्या, त्याच्या पुण्याच्या मित्राची, हरीशची मुलगी. तिला त्यानेच शिफारस करून नोकरीला लावलं होतं आणि हे तो तिच्यादेखत चारचौघांना सांगायचा. ती त्याला काका म्हणायची. एका परिषदेत तिने अश्वजितचं भाषण ऐकलं होतं. परत आल्यावर तिने विचारलं की काका, या गटाचं आपल्या चाळणीत कधीच काही कसं येत नाही. चारुदत्त हसला. दर्जा नाही, म्हणाला, आणि मग आपल्या माणसाशी बोलतात तशा हळू आवाजात पुढे म्हणाला, आडनाव बघ ना. सुकन्याने मान खाली घातली. तिची प्रोबेत्साइट चालू होती, उमेदवारीच्या त्या सहा महिन्यांत कारण न देता काढून टाकता येतं. ती गप्प बसली आणि चारुदत्तने ते गप्प बसणं संमती समजून खिशात टाकलं.

त्याच वर्षी कंपनीने मोठा निर्णय घेतला. प्लेटेचे दोन अर्धे आजवर वेल्डिंग करून जोडत होते, ते आता एका नव्या अ‍ॅडहेसिव्हने चिकटवायचे. सोप्या भाषेत डिंक. वजन कमी, खर्च कमी, यंत्रं कमी. फ्राऊ ह्योल्झ्ल सावध बाई. त्यांनी चारुदत्तला विचारलं की या डिंकाबद्दल जगात कुठे वाईट काही छापून आलं आहे का. चारुदत्तने आपली चाळण उघडली, शोधलं, काही सापडलं नाही. सापडणार कुठून. त्याने लेखी दिलं की उपलब्ध संशोधनाचा संपूर्ण आढावा घेतला असता प्रतिकूल असं काहीही आढळत नाही. ‘संपूर्ण’ हा शब्द त्याने ठळक केला. फ्राऊ ह्योल्झ्ल खूश झाल्या आणि जाता जाता म्हणाल्या की प्लेटा गिऱ्हाइकाच्या चाचणीत पास झाल्या की विभागाचं बघू. त्या रात्री निजसुऱ्यांच्या घरी श्रीखंड झालं.

हिवाळ्यात प्लेटा गळायला लागल्या. गिऱ्हाइकाने त्या गरम-गार, गरम-गार करत काही महिने पाणी खेळवत ठेवल्या होत्या. कडांपाशी डिंक सुटला आणि पाणी बॅटरीच्या बाजूला झिरपलं. प्लेटा रस्त्यावरच्या गाडीत नव्हत्या, चाचणीच्या टेबलावर होत्या, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण गिऱ्हाइकाने काम थांबवलं आणि कंपनीत एकदम स्मशानशांतता पसरली. कँटीनमध्ये लोक सूप पिताना चमच्याचासुद्धा आवाज करीनात.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. क्वालिटी विभागाचे हेर ब्रांडल, म्हणजे ब्रांडलसाहेब, यांनी या डिंकाबद्दल कोण काय जाणतं याची चौकशी केली, तर दोघा-तिघांनी एकच नाव दिलं, कार्ल्सरूहेचे डॉक्टर रामटेके. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं. बैठकीत फ्राऊ ह्योल्झ्ल होत्या, चारुदत्तलाही बसावंच लागलं. अश्वजितने गळक्या प्लेटेचा फोटो एकदा पाहिला आणि दुसरा मागितलाही नाही. पाण्यात मिसळलेलं अँटिफ्रीझ जुनं झालं की आम्ल होतं, ते कडेने डिंकाखाली शिरतं, असं त्याने सांगितलं. हे सगळं आम्ही दीड-दोन वर्षं महिन्याच्या महिन्याला आमच्या पानावर टाकतो आहोत, असंही तो म्हणाला. आणि मग, जरा मिश्कीलपणे, की तुमच्या कंपनीचा फीड रीडर, म्हणजे फीड गोळा करणारा प्रोग्रॅम, आमच्या पानावर रोज येऊन जातो, आमच्या सर्व्हरवर दिसतं, त्यामुळे तुम्ही आमचे सगळ्यात निष्ठावान वाचक आहात असं आम्हाला वाटत होतं.

फ्राऊ ह्योल्झ्ल चारुदत्तकडे बघायला लागल्या. चारुदत्त म्हणाला की कुठेतरी तांत्रिक गडबड असणार, मी पाहतो. बोलणं संपताना अश्वजित मराठीत म्हणाला की निजसुरेसाहेब, चाळण छान चालली आहे, मी वाचतो. खोचून म्हणाला की सहज म्हणाला, ते चारुदत्तला कळलं नाही. तो आठवडाभर त्याचाच विचार करत राहिला. प्लेटांचा विचार करायला बाकीचे होतेच.

आता अशी चूक झाली की गाड्यांच्या धंद्यात एक रीत असते. एका खोलीत बसायचं, झालेली चूक फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, का. जे उत्तर येईल त्याच्याखाली पुन्हा विचारायचं, का. असं पाच वेळा. पाचव्या उत्तराला मूळ सापडतं असं मानतात, आणि ते मूळ सगळ्यांनी कबूल करून गिऱ्हाइकाला लेखी कळवायचं असतं. ही रीत कंपनीतल्या लोकांना शिकवण्याचं काम कुणाकडे होतं, तर चारुदत्तकडे. ‘पाच का’चे त्याचे वर्ग तुफान चालायचे. त्याने स्वतःच फ्राऊ ह्योल्झ्लना सुचवलं की ही बैठक आपण रीतसर घेऊ. त्याचा हिशेब असा होता की पहिल्या दोन ‘का’मध्ये डिंक बनवणारी कंपनी सापडेल आणि उरलेल्या तीन ‘का’मध्ये तिचे वाभाडे निघतील. विभाग कसा शिस्तीने चालवावा याचं प्रात्यक्षिकही होईल. शहाण्या माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा मारायचा तर तोही रीतसर मारावा.

बैठकीला फ्राऊ ह्योल्झ्ल, ब्रांडल आणि चारुदत्त होते. लिहून घ्यायला सुकन्या होती, तिची उमेदवारी एव्हाना संपली होती. ब्रांडल म्हणजे मोठा गोड माणूस नव्हे. निवृत्तीला टेकलेला बव्हेरियन, कुणी भारतीयाने डबा गरम केला की कँटीनच्या खिडक्या उघडणारा. चारुदत्तने पहिला प्रश्न टाकला, प्लेट का गळली. आम्ल कडेने डिंकाखाली शिरलं म्हणून. सुकन्याने लिहिलं. त्याची चाचणी आपण का केली नाही. आम्ल शिरतं हे आपल्याला माहीत नव्हतं म्हणून. इथे चारुदत्त डिंकाच्या कंपनीकडे वळणार तेवढ्यात ब्रांडलनी हात वर केला. विकणारा काय वाटेल ते सांगेल, ते म्हणाले, जे दोन वर्षं छापून येत होतं ते आपल्याला का माहीत नव्हतं. ते आपल्या फीडमध्ये दिसलं नाही म्हणून, असं चारुदत्तला म्हणावं लागलं. रीडर रोज तिथे जात होता, मग दिसलं का नाही. चारुदत्त म्हणाला, ते शोधणं चालू आहे. फ्राऊ ह्योल्झ्ल म्हणाल्या, शोधायचं काय, उघडा ना.

सुकन्याने फीडचे नियम पडद्यावर उघडले. लॉटरी, वेबिनार, सवलत, रामटेके.  ब्रांडलनी चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, हे तर आपण मागे ज्यांच्याशी बोललो ते डॉक्टर. सुकन्याने चौथ्या ओळीत लिहिलं, नियमाने लपवलं म्हणून. मग खाली पाचवा आकडा घातला आणि त्याच्यापुढे काही लिहिलं नाही.

चारुदत्तच्या जिभेला सवय होती, ती चालत राहिली. तो म्हणाला की या लेखकाच्या नोंदी फार वेळा यायच्या, गर्दी व्हायची. फ्राऊ ह्योल्झ्लनी विचारलं, महिन्यातून एकदा? तो म्हणाला की त्या वेळी दर्जाबद्दल शंका होती. त्या म्हणाल्या, या नियमाने त्यांचे प्राध्यापकही लपले आहेत, त्यांच्या दर्जाबद्दलही शंका होती का. तेव्हा तो म्हणाला की ठीक आहे, मानवी चूक समजा. ब्रांडल जवळजवळ दयेने म्हणाले की हेर निजसुरे, मानवी चूक हे उत्तर चालत नाही, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

मग चारुदत्तने जे केलं ते फक्त त्यालाच सुचू शकत होतं. तो सुकन्याकडे वळला. खोलीत आपलं असं एक माणूस आहे, ते आपल्यातलं आहे, आणि आपल्यातली माणसं अशा वेळी सांभाळून घेतात, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. तो मराठीत, हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, “सुकन्या, काहीतरी सांग गं यांना. टेक्निकल काहीतरी. आपल्याकडचं हे यांना कळायचं नाही.”

सुकन्याचे कान लाल झाले. तिला मागचं आपलं मान खाली घालणं आठवत असणार, कारण या वेळी तिने मान खाली घातली नाही. ती मराठीतच म्हणाली, “काका, नियम तुम्ही घातलात. तुम्ही सांगा, मी लिहून घेते.” आणि तिने खडू फळ्याला टेकवला.

फ्राऊ ह्योल्झ्ल थांबून राहिल्या. जर्मन माणसं शांतता भरून काढायला काही बोलत नाहीत, ती समोरच्याला भरायला देतात. चारुदत्तने घसा साफ केला. ‘आल्झो’, म्हणजे ‘तर’, अशी सुरुवात केली आणि थांबला. मग तो जर्मनमध्ये सांगू लागला की भारतात समाज निरनिराळे असतात, आडनावावरून ते कळतं, काही समाजांना सवलतींमुळे पुढे आणलं जातं, त्यामुळे गुणवत्तेचा प्रश्न येतो, अर्थात मी व्यक्तिशः तसं मानत नाही, पण अनुभव असा असतो की. या ‘की’च्या पुढे त्याच्याकडे काही नव्हतं. मराठीत हे सगळं किती सोपं असायचं. आडनाव बघ, एवढं म्हटलं की झालं, वाक्य पुरं करायची वेळच यायची नाही. जर्मनमध्येही अशा वाक्यात क्रियापद शेवटीच येतं, पण तिथे ते उच्चारावंच लागतं.

ब्रांडल खुर्चीत मागे टेकून बसले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वेगेन देस नामेन्स?” त्यांनी विचारलं. नावामुळे?

चारुदत्तला इतकी वर्षं वाटत होतं की इथल्या लोकांना हे कधी कळायचं नाही. त्यांना ते एका वाक्यात कळलं. कळायला त्यांना, नावावरून माणसं वेगळी काढून मारली त्या काळातले, त्यांचे आजोबा पुरेसे होते. फ्राऊ ह्योल्झ्लचा चेहरा दगडासारखा झाला आणि डबे गरम केले म्हणून खिडक्या उघडणारा तो ब्रांडलसुद्धा चारुदत्तकडे बघेना, टेबलाकडे बघत राहिला. चारुदत्त म्हणाला की तसं नाही, तुमच्याकडे जे झालं ते वेगळं, हे तसं अजिबात नाही. आपण कशाला काय म्हणालो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

फ्राऊ ह्योल्झ्ल सुकन्याला म्हणाल्या, लिहा. सुकन्याने पाचव्या आकड्यापुढे जर्मनमध्ये लिहिलं : कारण निजसुरेंनी संशोधकाला त्याच्या नावामुळे वगळलं. अक्षर स्वच्छ होतं आणि कुठे खोडाखोड नव्हती. चारुदत्त म्हणाला की हे असं गिऱ्हाइकाला पाठवता येणार नाही. फ्राऊ ह्योल्झ्ल म्हणाल्या की गिऱ्हाइकाला काय पाठवायचं ते मी आणि वकील बघू, पण आपल्याला हे माहीत असायला हवं. मग त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या की नव्या विभागाबद्दल तुम्हाला जे म्हणाले होते ते मी मागे घेते. जो माणूस माझ्या इंजिनिअरांनी काय वाचू नये हे अशा कारणाने ठरवतो, त्याच्या हाती मी त्यांचं वाचन देणार नाही. उद्यापासून सगळ्यांचे आपापले फीड पुन्हा सुरू होतील.

चारुदत्त उठायला लागला. ब्रांडल म्हणाले की अजून संपलेलं नाही. रीतीप्रमाणे ज्याचं काम त्याने शेवटचं उत्तर सगळ्यांसमोर वाचून बरोबर आहे की नाही ते सांगायचं असतं, त्याशिवाय बैठक पुरी होत नाही. चारुदत्तने सुकन्याकडे पाहिलं. ती फळ्याच्या बाजूला सरकून उभी राहिली, त्याला नीट वाचता यावं म्हणून.

त्याने वाचलं, पहिल्या शब्दापासून, मोठ्याने. स्वतःचं नाव आलं तिथे तो अडखळला आणि त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“श्टिम्ट दास?” फ्राऊ ह्योल्झ्लनी विचारलं. हे बरोबर आहे?

“या,” चारुदत्त म्हणाला. हो.